शेजारच्या आजोबांचा १९७२चा कब कॅडेट ट्रॅक्टर: बर्फ काढायला वापरू की विकू?

वेबस्टरकर | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. आमच्याकडे कधीकधी थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आधीच पहिला बर्फ पडून मोकळा होतो.

राहतो न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टरजवळ, वेबस्टरला. ऑन्टॅरियो तलाव गाडीने दहा मिनिटांवर. शेजारचे आजोबा जूनमध्ये गेले. आजी आता एकट्याच गॅरेज आवरतायत. परवा मला हाक मारली आणि म्हणाल्या, "हा ने. तुला द्यायचं त्यांच्या मनात होतं." हा म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १२८. पिवळा-पांढरा, पुढे बर्फ ढकलायचं ब्लेड, मागच्या चाकांच्या साखळ्या भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या. सीटच्या चिरा चिकटपट्टीने बुजवलेल्या.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत आजोबा याच्यावरून स्वतःच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून झाला की आमचाही काढून द्यायचे. मी उठून चहा टाकेपर्यंत काम झालेलं असायचं. म्हणजे माझा अनुभव शून्य. फावडं आणि एक फुसका इलेक्ट्रिक ब्लोअर (बर्फ उडवून टाकणारं यंत्र), एवढीच माझी आयुधं.

ड्राइव्हवे २५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, रस्त्याकडे उतरता. इंजिन तीन वर्षं चालू केलेलं नाही. बायकोचं म्हणणं, विकून टाक आणि नवा ब्लोअर घे. काय करू?

कोथरूडकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

पुण्यात बसून बर्फावर सल्ला देणार नाही. फोटो टाका.

लालघोडा | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

विकलास तर बघ.

मी डुलुथला, मिनेसोटात. माझ्याकडे व्हील हॉर्स सी-१२०, आयडी त्यावरूनच. तुझ्या १२८मध्ये आहे ते कोलरचं के३०१, एका सिलिंडरचं, ओतीव लोखंडाचं, १२ हॉर्सपॉवरचं इंजिन. माझ्यातही कोलरचंच १२ हॉर्सपॉवरचं आहे. तेव्हाच्या निम्म्या गार्डन ट्रॅक्टरांच्या छातीत कोलरच धडधडायचं, वरचा पत्रा तेवढा वेगळा.

आता दुकानात मिळतो तो 'लॉन ट्रॅक्टर'. गवत कापायला बरा, ब्लेड लावून बर्फात घातलास तर दोन हिवाळ्यांत गिअरबॉक्स हातात येतो. तुझ्याकडे आहे तो खरा गार्डन ट्रॅक्टर. कब कॅडेट १९६१ साली आला तेव्हा मागचा गिअरबॉक्स त्यांनी आपल्याच फार्मॉल कब या शेतीच्या ट्रॅक्टरवरून उचलला. इंजिनपासून मागे थेट शाफ्ट जातो. गाडी ओढायला पट्टाच नाही, तर ओला होऊन घसरणार काय?

वेबस्टरकर | १३ ऑक्टोबर, रात्री १०:१०

१२ हॉर्सपॉवर पुरेल? हल्लीचे २०-२४चे असतात.

जुनं लोखंड | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

पुरेल. प्रश्न हॉर्सपॉवरचा नाहीच, पकडीचा आहे. आधी किती माल हलवायचाय ते बघा.

२५ गुणिले ४, म्हणजे १०० चौरस मीटर. फूटभर बर्फ पडला तर ३० घनमीटर. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो भरतो, म्हणजे ३ टन झाले. तोच ओला, दबलेला असेल तर घनमीटरला ३०० किलो सहज, म्हणजे ९ टन. इंजिन ढकलायला तयार असतं हो. चाकंच जागेवर फिरत बसतात. त्यातून या ट्रॅक्टरांचं डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) उघडं. एक चाक बर्फावर गेलं की सगळी ताकद त्याच चाकात जाते आणि दुसरं चाक जावयासारखं बघत उभं राहतं. म्हणून आधी वजन, मग साखळ्या, आणि इंजिनाचं कौतुक त्यानंतर.

मी रॉचेस्टरलाच होतो, कोडॅकमधून निवृत्त झालो. मुलाकडे कॅरोलायनात आल्यापासून बर्फ सुटला, पण ट्रॅक्टर विकवला नाही. इथे गॅरेजात लोळतोय.

नाशिकचा द्राक्षवाला | १४ ऑक्टोबर, दुपारी १:४५

वजनाला काय एवढं? टायरात पाणी भरा. आमच्या बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत कायम भरलेलं असतं. फुकटचं वजन, वर ट्रॅक्टर उड्या मारत नाही.

लालघोडा | १४ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

द्राक्षवाले, कल्पना शंभर टक्के बरोबर, पण आमच्याकडे उणे २५ होतं. टायरात बर्फाचा गोटा तयार होईल.

इथे पाण्याच्या जागी गोठत नाही असं काहीतरी भरतात. स्वस्तात काच धुण्याचं निळं पाणी, हिवाळ्याचं. कॅल्शियम क्लोराइडचं पाणी जास्त जड, पण ते रिम खातं, ट्यूब असेल तरच भरा. आणि सगळ्यात भारी म्हणजे बीटाचा रस. हसू नका. साखरेच्या बीटापासून साखर काढल्यावर जे उरतं त्याच्यापासून करतात. पाण्यापेक्षा जड, गोठत नाही, गंजवत नाही.

नाशिकचा द्राक्षवाला | १४ ऑक्टोबर, रात्री ८:०५

म्हणजे मळीच की! आमच्या कारखान्यांना सांगायला पाहिजे, अमेरिकेत टायरात भरतात म्हणून.

सुमेधा ब्रॅम्प्टन | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

मी ट्रॅक्टरवाली नाही. नवरा आहे, आणि मी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काम करते. म्हणून एकच गोष्ट आधी लिहून ठेवते, मग तुमचा बीटाचा रस चालू द्या.

ब्लेडऐवजी पुढेमागे कुणी ब्लोअर लावलाच, तर बर्फ अडकलेल्या तोंडात हात घालायचा नाही. इंजिन बंद केल्यावरही नाही. आतलं पातं अडकलेलं असतं तेव्हा त्यात ताण साठलेला असतो. अडकलेला गोळा सुटला की ते अर्धी गिरकी घेतं, आणि बोटांना तेवढी पुरते. दर हिवाळ्यात येतात. बहुतेक जण चांगले शिकलेले, आणि प्रत्येकाचं वाक्य तेच, "पण मी बंद केलं होतं." काठी वापरा.

दुसरं, गॅरेजचं दार लावून इंजिन तापवत ठेवू नका. वास येवो न येवो, कार्बन मोनॉक्साइड असतोच.

वेबस्टरकर | १८ ऑक्टोबर, रात्री ११:००

ताई, काठी गॅरेजच्या दाराशी ठेवली.

आज बॅटरी नवी घातली. स्टार्टर फिरतो, इंजिन काही धरत नाही. प्लग काढून बघितला, ठिणगी नाही.

जुनं लोखंड | १९ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

तुमचं वय किती माहीत नाही, पण घरी जुनी बजाज किंवा राजदूत होती का? असेल तर अर्धं काम तुम्हाला येतं. ठिणगी नाही म्हणजे सीबी पॉइंट, ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी दोन टोकं.

इंजिनाच्या बाजूला एक छोटं झाकण आहे, स्क्रू काढा. आत पॉइंट दिसतील. तीन वर्षं उभ्या गाडीच्या पॉइंटवर करडी बुरशी धरते, तीच वीज अडवते. बारीक पॉलिश पेपर दुमडून दोन्ही बाजू हलक्या हाताने घासा. मग कोरा कागद पॉइंटमध्ये धरून ओढा, तो काळा यायचा थांबेपर्यंत. मग हाताने इंजिन फिरवा आणि पॉइंट पूर्ण उघडतील तिथे फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पाती, घाला. वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पाती सरकताना किंचित अडली पाहिजे, अडकून बसायला नको.

झाकण काढून ठेवाल तिथेच स्क्रू ठेवा. मी एक स्क्रू गॅरेजच्या फरशीवर अर्धा दिवस शोधला आहे, तो खिशात होता.

वेबस्टरकर | २० ऑक्टोबर, सायंकाळी ५:३५

चालू झाला!!! काका, साष्टांग नमस्कार.

वडिलांकडे राजदूत होती. रविवारी अंगणात वर्तमानपत्र पसरून पॉइंट घासायचे आणि मी बॅटरी धरून बसायचो. तेव्हा वैताग यायचा. आज पॉलिश पेपर दुमडताना बोटांना आपोआप आठवलं. पहिल्या दोन किकला, म्हणजे किल्लीला, नुसता फुसफुसला. तिसऱ्यांदा निळा धूर सोडून ढग-ढग-ढग करत लागला. आजी आवाज ऐकून स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. काही बोलल्या नाहीत. थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

लालघोडा | २१ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

आता लगेच ऑइल बदल. उन्हाळ्याचं ३० नंबरचं ऑइल थंडीत काकवीसारखं होतं, स्टार्टरचा जीव जातो. ५डब्ल्यू-३० घाल. बॅटरी रात्री चार्जरला लाव, शून्य फॅरनहाइटला (उणे १८ सेल्सिअसला) तिची ताकद जवळपास निम्मी उरते. आणि टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाक, तीन वर्षांत त्याचं वॉर्निश झालंय. इथेनॉल नसलेलं मिळालं तर तेच भर, ते कमी पाणी धरतं. काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद कर आणि कार्ब्युरेटर कोरडा पडून इंजिन आपोआप थांबू दे.

कोथरूडकर | २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०

इथेनॉल नसलेलं पेट्रोल! आमच्याकडे पंपावर २० टक्क्यांचंच येतं. स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडून बसलोय.

वेबस्टरकर | १७ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

काल पहिला बर्फ पडला. आठ इंच. फजिती सांगतो.

साखळ्या चढवल्याच नव्हत्या. म्हटलं, पहिलाच बर्फ आहे, एवढ्यात काय लागतात. वजन म्हणून मागे वाळूची एक पिशवी बांधली. उतारावरून खाली गेलो, अगदी लोणी कापल्यासारखा. रस्त्याशी जाऊन वळलो, आणि वर येता येईना. डावं चाक फिरतंय, उजवं शांत. मागे, पुढे, मागे, पुढे. दर वेळी क्लच, दर वेळी गिअर. पाचव्या वेळी ट्रॅक्टर तिरका होऊन टपालपेटीच्या खांबाला टेकला. बायकोने वरच्या खिडकीतून व्हिडिओ काढला आणि तो आता पुण्यातल्या घरच्या ग्रुपवर आहे.

दुसरी गोष्ट. फुटपाथची एक लादी अर्धा इंच वर आलेली आहे, ती बर्फाखाली दिसली नाही. ब्लेड तिच्यावर आदळलं आणि पुढे कलंडलं, मग खाडकन परत जागेवर. काही मोडलं तर नसेल?

लालघोडा | १७ नोव्हेंबर, दुपारी २:०५

मोडलं नाही, वाचलं. ब्लेडमागे जाड स्प्रिंगा आहेत त्या याचसाठी. अडथळा आला की ब्लेड पुढे झुकतं आणि अडथळ्यावरून निघून जातं. स्प्रिंगा नसत्या तर सगळा धक्का ट्रॅक्टरला आणि तुझं तोंड स्टिअरिंगला. त्या लादीशेजारी एक काठी रोव, वर लाल फडकं बांध. जमीन गोठायच्या आत हं, नंतर काठी जात नाही.

साखळ्या आजच चढव. आधी चाकातली हवा थोडी कमी कर, साखळी ताणून बसव, मग हवा भर. डांबरावर ओरखडे पडतात, ते पडणारच. वजन दोन्ही बाजूंना सारखं आणि अॅक्सलच्या मागे. वाळूची एक पिशवी म्हणजे विनोद आहे. चाकाला लावायची ओतीव वजनं आजोबांच्या गॅरेजात कुठेतरी असतील, शोध. साखळ्या ठेवणारा माणूस वजनं ठेवल्याशिवाय राहत नाही.

वेबस्टरकर | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

सापडली! दोन्ही. आजींनी त्यांच्यावर कुंड्या ठेवल्या होत्या.

जुनं लोखंड | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

आता ढकलायचं शास्त्र. हे मला पहिल्या हिवाळ्यात कुणी सांगितलं नव्हतं आणि जानेवारीत ड्राइव्हवे निम्मा झाला.

पहिला बर्फ गरजेपेक्षा फार लांब ढकला. डांबराच्या कडेला सोडू नका, गवतावर मीटर-दीड मीटर आत न्या. तो ढीग गोठला की त्याचा दगडी बांध होतो, आणि पुढचा प्रत्येक बर्फ त्या बांधाच्या आतच मावावा लागतो. जागा नोव्हेंबरमध्ये करून ठेवायची असते, जानेवारीत ती मिळत नाही.

फूटभर साठायची वाट पाहू नका. चार-पाच इंच झाला की एक फेरी, मग पुन्हा. रात्री दोनदा उठावं लागलं तरी चालेल. बर्फ फूटभर झाला की ब्लेडवरून मागे सांडतो आणि चाकाखाली येतो.

शेवटचं, ड्राइव्हवेच्या तोंडाशी. टाउनचा प्लाऊ (बर्फ ढकलणारा ट्रक) रस्ता साफ करताना तुमच्या तोंडावर ओला, मिठाचा, दगडासारखा बांध टाकून जातो. तो टाळता येत नाही, कमी करता येतो. ड्राइव्हवेत रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. प्लाऊ तुमच्या डाव्या हाताकडून येतो. त्या डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेला, तोंडाच्या अलीकडे दहा-बारा फूट जागा साफ करून ठेवा. प्लाऊचा बर्फ आधी त्या खड्ड्यात रिकामा होतो आणि तुमच्यापाशी येईपर्यंत पातं बऱ्यापैकी हलकं झालेलं असतं. रस्ता ओलांडून समोरच्याच्या बाजूला मात्र बर्फ ढकलू नका. बऱ्याच गावांत दंड आहे, आणि दंड नसला तरी शेजार आहे.

सुमेधा ब्रॅम्प्टन | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

आमच्या कॉटेजचा ड्राइव्हवे खडीचा आहे. तिथे नवऱ्याने प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून ब्लेडच्या धारेवर चढवलाय, म्हणजे खडी खरवडून निघत नाही. आधीच्या वर्षी वसंतात हिरवळीतून खडी वेचत बसलो होतो, दोन रविवार. आणि ब्लेडला बर्फ चिकटत असेल तर मेणबत्ती घासा. पोळपाटाला तेलाचा हात लावतो तसं.

लालघोडा | १९ नोव्हेंबर, रात्री ८:२०

ब्लेड की ब्लोअर, हा वाद इथे सुरू होण्याआधीच माझं मत: जागा असेल तर ब्लेड. जागा संपली की ब्लोअर. ब्लेड वेगवान, बिघडायला काही नाही. ब्लोअर बर्फ उडवून लांब टाकतो, बांधच होत नाही, पण पट्टे, चेन, शिअर पिन हे सगळं आलं. शिअर पिन म्हणजे मुद्दाम नरम ठेवलेला बोल्ट. ब्लोअरने लाकूड गिळलं की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. एका दुकानदाराने मला "हा जास्त टिकेल" म्हणत कडक बोल्ट विकला होता. टिकला. गिअरबॉक्स नाही टिकला.

आणि १२८ला ब्लोअर लावायचा तर पहिला गिअरही जरा वेगात पडतो. कंपनी त्याला क्रीपर नावाचा हळू गिअर जादा द्यायची, तो तुझ्यात आहे का बघ. माझ्या घोड्यात ६ पुढचे, २ मागचे, खालच्या रेंजमध्ये गोगलगाय होते.

कोथरूडकर | १९ नोव्हेंबर, रात्री १०:४५

तुमचे हे लाल घोडे, पिवळे कब म्हणजे आमच्याकडच्या मंडळांसारखं दिसतंय. ढोल-ताशा आहे का?

लालघोडा | २० नोव्हेंबर, सकाळी ७:००

त्याहून कडवे. लाल म्हणजे व्हील हॉर्स, साउथ बेंड, इंडियाना, १९४६पासून. पुढे १९७४ला जीपवाल्या अमेरिकन मोटर्सने घेतला, १९८६ला टोरोने. पिवळा-पांढरा कब कॅडेट, तो इंटरनॅशनलने १९८१ला विकला, त्यामुळे त्याआधीच्यांना लोक वेगळा मान देतात. केशरी अॅलिस-चामर्स. हिरवा जॉन डिअर, १९६३पासून. गंमत म्हणजे १९६९ला त्यांनीच गिऱ्हाइकाला बॉनेट आणि सीटचा रंग निवडायला दिला. लाल, निळा, केशरी, पिवळा. हिरव्या मंडळातले काही लोक अजून त्यातून सावरलेले नाहीत.

वेबस्टरकर | २९ जानेवारी, पहाटे ५:५०

रात्रभर लेक इफेक्ट, म्हणजे तलावावरून येणारा बर्फ. १९ इंच. आता आत आलोय, बोटं शेकतोय.

साडेअकराला पहिली फेरी, दोनला दुसरी, साडेचारला तिसरी. दोन्ही वजनं, साखळ्या, टायरात निळं पाणी. एकदाही अडकलो नाही. उतारावर परत येताना साखळ्यांचा खळखळ आवाज आणि कोलरची ढगढग, बाकी गल्ली चिडीचूप. हेडलाइट मंद आहे, म्हणून बर्फ पिवळा दिसतो. दोनच्या फेरीला ब्लेडच्या काठावरून बर्फ वळत होता ना, अगदी नांगराच्या तासासारखा, आणि कडेला जाऊन पडत होता. पाच मिनिटं नुसतं तेच बघत चालवलं.

काका, तो डावीकडचा खड्डा चालतो. प्लाऊ गेला, आमच्या तोंडाशी जेमतेम घोट्याएवढं पडलं. समोरच्यांच्या तोंडाशी गुडघाभर.

आजींचा ड्राइव्हवे आधी काढतो, मग आमचा. आजोबा आधी स्वतःचा काढायचे, मी आधी शेजारचा, पण ट्रॅक्टरसाठी क्रम तोच.

जुनं लोखंड | २९ जानेवारी, सकाळी ८:१५

छान. पण साखळ्या लवकर उतरवू नका. ईरी तलाव उथळ आहे, सरासरी १९ मीटर. तो कडक हिवाळ्यात गोठतो, मग वाऱ्याला वाफ मिळत नाही आणि त्याच्या काठच्या बफेलो शहरवाल्यांना जरा उसंत मिळते. तुमचा ऑन्टॅरियो सरासरी ८६ मीटर खोल, तो सहसा गोठतच नाही. उघडं पाणी, वर गार वारा, म्हणजे कारखाना मार्चपर्यंत चालू.

नाशिकचा द्राक्षवाला | २९ जानेवारी, सायंकाळी ६:४०

व्हिडिओ टाका हो. टपालपेटीवाला नको, आजचा.

वेबस्टरकर | ३० जानेवारी, रात्री ९:३०

टाकतो. बायकोने काढलाय, आवाज चालू करून बघा.

एक शंका. आज पुढच्या एक्सलजवळ डावीकडे तेलाचा डाग दिसला, रुपयाएवढा. इंजिनचं की आणखी कशाचं?

लालघोडा | ३० जानेवारी, रात्री ९:४५

बोट लावून वास घे. काळं आणि पेट्रोलचा वास आला तर इंजिनचं. उद्या सकाळी इंजिन गार असताना काडी काढून लेव्हल बघ आणि इथे लिही.